फुल दिसतंय, पण रूट नाही

सोमवार, रात्री

लॅबमध्ये आजपासून नवा प्रकार. आतापर्यंत कोऱ्या राउटरवर आपणच सगळं टाइप करायचो. आता सर पाच राउटर आधीच जोडून, ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना सांगून रस्ते शोधायची पद्धत) लावून ठेवतात आणि त्यात मुद्दाम कुठेतरी खोडी करतात. फळ्यावर एकच ओळ: आर-१ वरून आर-५ च्या लूपबॅकला (राउटरच्या आतल्या पत्त्याला) पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, जायला पाहिजे. बाकी शोधणं आपलं. सर याला तिकीट म्हणतात, कंपन्यांत म्हणतात तसंच.

माझ्या शेजारच्या कन्सोलवर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक पोरगा बसतो. हात विलक्षण चालतो त्याचा. काही अडलं की आधी 'क्लिअर आयपी ओएसपीएफ प्रोसेस' (ओएसपीएफ नव्याने सुरू), मग शट-नो शट (पोर्ट बंद-चालू), तरी नाही जमलं तर थेट रीलोड. आज अडवलं मी त्याला. "थांब की, आधी काय दाखवतंय ते तरी वाच." तर म्हणतो, "ताई, कधी कधी असंच सुटतं की ओ."

सुटतं, खोटं नाही. पण सुटलं तर का सुटलं हे कळत नाही आणि नाही सुटलं तर होता तो पुरावाही पुसला जातो. ओएसपीएफ मुकं नाही. शेजारी राउटरशी नातं जुळताना ते डाउन, इनिट, टू-वे, एक्सस्टार्ट, एक्स्चेंज, लोडिंग, फुल (नातं पूर्ण) अशा पायऱ्या चढतं, आणि ज्या पायरीवर अडतं तिथेच दुखणं असतं. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' मारून दोन मिनिटं हात मांडीवर ठेवून बसणं, एवढंच अवघड आहे.

आजचं तिकीट साधं निघालं. आर-१ आणि आर-२ मध्ये पिंग जात होतं, पण नेबर टेबल कोरं. डिबग लावला तर राउटरनेच सांगितलं की हॅलोमधल्या, म्हणजे शेजाऱ्याला ठरावीक वेळाने जाणाऱ्या हाकेतल्या, गोष्टी जुळत नाहीत. त्या ओळीत 'आर' म्हणजे समोरून आलेलं आणि 'सी' म्हणजे आपल्याकडे लावलेलं. हॅलो दर १० सेकंदांनी, ४० सेकंद ऐकू आला नाही तर शेजारी गेला असं धरायचं (डेड), दोन्हीकडे सारखं. मास्क (पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठवर ते सांगणारा आकडा) मात्र एकीकडे २५५.२५५.२५५.० आणि दुसरीकडे २५५.२५५.२५५.२५२. दोन्ही पत्ते लहान सबनेटमध्येही बसत होते, म्हणून पिंगला काहीच वाटलं नाही.

मंगळवार

पिंगवरचा विश्वास आज आणखी उडाला.

आर-२ वर आर-३ दिसतो, पण इनिटला अडकलेला. आर-३ वर जाऊन पाहिलं तर तिथे आर-२ चं नावच नाही. इनिटचा अर्थ सरळ आहे: त्याचा हॅलो मला ऐकू येतो, पण त्याच्या हॅलोमधल्या शेजाऱ्यांच्या यादीत माझा आयडी नाही. म्हणजे माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाही. बिघाड आर-३ च्या येणाऱ्या बाजूला असणार, इतकं टेबलावरूनच कळतं.

पोरगा केबल बदलायला निघाला होता. पण पिंग जाऊन परत येत होतं, मग केबलचा काय दोष? 'शो आयपी इंटरफेस' मध्ये आर-३ वर आत येताना एक ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कुठल्या प्रोटोकॉलला आत सोडायचं याची यादी, सापडली. तीन ओळी: टीसीपीला परवानगी, यूडीपीला परवानगी, आयसीएमपीला परवानगी. दिसायला किती उदार! आणि शेवटी न दिसणारं 'बाकी सगळं बंद' असतंच. ओएसपीएफ ना टीसीपीवर चालतं ना यूडीपीवर. ते थेट आयपीवर बसतं, प्रोटोकॉल नंबर ८९, आणि हॅलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (अनेकांना एकदम पोचणाऱ्या) पत्त्यावर जातो. पिंग हे आयसीएमपी, म्हणून ते सुखाने ये-जा करत होतं. ओएसपीएफला परवानगीची एक ओळ वर टाकली आणि पुढच्या हॅलोला फुल.

सरांना विचारलं, हे प्रत्यक्षात होतं का? म्हणाले, "होतं ना! फायरवॉलवाला वेगळा, राउटरवाला वेगळा आणि दोघांचं बोलणं नाही, असं असलं की होतंच."

बुधवार

लॅबला दांडी. कारखान्यात टॉवेलचा कंटेनर लागला होता, पॅकिंग लिस्टचा प्रिंटर नेमका आज रुसला. अक्कलकोट रोडवरून घरी पोचेपर्यंत साडेनऊ. ऊन असलं की डोकं चालत नाही, आणि हल्ली ऊन रात्रीही असतं.

गुरुवार

लॅब भरात असताना लाइट गेली. रॅक यूपीएसवर नाही, त्यामुळे सगळे राउटर एकदम झोपले. पंखे थांबल्यावर कळलं ती खोली किती गोंगाटाची आहे. कुणीतरी अंधारात तेलुगूतून लाइटवाल्यांचा उद्धार केला, त्याला कानडीतून दुजोरा मिळाला.

पण लाइट आल्यावर जे झालं ते मी वहीत लिहून ठेवलंय. आज चार राउटर एका स्विचवर होते. आधी डीआर (स्विचवरच्या सगळ्यांचा मुखत्यार राउटर; बीडीआर त्याचा राखीव) होता आर-४, त्याचा राउटर आयडी, म्हणजे ओळख क्रमांक, सगळ्यात मोठा. लाइट आल्यावर डीआर झाला आर-२. पोरगा लगेच, "ताई, काहीतरी गडबडलंय, आणि आर-१, आर-४ एकमेकांशी टू-वेवरच अडकलेत बघा."

दोन्हीत बिघाड नाही. आर-४ जुना, त्याला उठायला वेळ लागतो. इतर राउटर आधी उठले, ४० सेकंद वाट पाहिली आणि निवडणूक उरकून मोकळे झाले. नंतर कितीही मोठा आयडी घेऊन या, बसलेला डीआर खुर्ची सोडत नाही. तो खाली जाईपर्यंत किंवा प्रोसेस पुन्हा सुरू होईपर्यंत तोच. आणि जे दोघे डीआरही नाहीत, बीडीआरही नाहीत, ते आपापसात टू-वेवरच थांबतात. थांबायचंच असतं त्यांनी. चार राउटरमध्ये सगळ्यांनी सगळ्यांशी फुल केलं तर सहा जोड्या, डीआर-बीडीआरने पाच. चारमध्ये फरक दिसत नाही, पण दहा राउटर घेतले तर ४५ च्या जागी १७. ठरावीक राउटरच डीआर हवा असेल, तर त्याला प्रायॉरिटी लावून ठेवावी. आयडीच्या भरवशावर राहिलं की डीआर कोण हे वीज मंडळ ठरवतं.

शुक्रवार

एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल लांबीचं) तिकीट. आर-४ वर एक्सस्टार्ट, आर-३ वर एक्स्चेंज. दोन-एक मिनिटं तसंच, मग लॉगमध्ये 'टू मेनी रिट्रान्समिशन्स', डाउन, आणि पुन्हा पहिल्यापासून. या दोन पायऱ्यांवर राउटर आपापल्या डेटाबेसची यादी एकमेकांना देतात आणि तिच्यात आपला एमटीयू लिहितात. समोरच्याचा एमटीयू आपल्याला झेपेल त्यापेक्षा मोठा निघाला तर यादी फेकून दिली जाते. आर-४ वर कुणीतरी, म्हणजे सरांनीच, आयपी एमटीयू १४०० केला होता. तिथून १५०० बाइटचं, तुकडे करू नकोस असं बजावून पिंग मारलं तेव्हा ते अडलं. साधं पिंग १०० बाइटचं, ते कशाला अडेल?

इंटरनेटवर सगळे एकच औषध सांगतात: 'एमटीयू-इग्नोर' लावा. लावलं की लगेच फुल होतं, खरंय. पण मला ते पटत नाही. लिंकवरची खरी तफावत तशीच राहते. आज डेटाबेस लहान आहे म्हणून भागतं, उद्या मोठं अपडेट पॅकेट आलं की तिथेच गळेल, आणि तेव्हा नेबर टेबल पाहून कुणालाच काही कळणार नाही. दोन्हीकडे एमटीयू सारखा करायला एक ओळ पुरते. मी ती लिहिली.

रविवार, दुपार

या आठवड्याचं खरं तिकीट कालचं. अजून डोक्यातून जात नाहीये.

आर-२ आणि आर-३ मधली इथरनेट लिंक. दोन्हीकडे फुल. टायमर बरोबर, एरिया बरोबर, मास्क बरोबर, ॲक्सेस लिस्ट नाही, एमटीयू १५००. डेटाबेस उघडला तर सगळ्यांचे एलएसए (आपापल्या जोडण्या सांगणारे संदेश) हजर. आणि रूटिंग टेबलमध्ये, म्हणजे राउटरच्या वाटांच्या यादीत, पलीकडचा एकही ओएसपीएफ रूट नाही! पोराने रीलोडसाठी हात नेला आणि माझ्याकडे बघून परत घेतला.

फुल म्हणजे झालं, असंच इतके दिवस डोक्यात होतं. पण फुलचा दावा एवढाच की दोघांकडे नकाशाची सारखी प्रत आहे. नकाशावर रस्ता जोडलेला आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

धागा सापडला नेबर टेबलमध्येच. एका बाजूला फुलच्या पुढे तिरकी रेघ आणि बीडीआर. दुसऱ्या बाजूला तिरक्या रेघेनंतर नुसती आडवी रेघ. म्हणजे एकाला वाटतंय इथे डीआर-बीडीआरची निवडणूक झाली, दुसऱ्याच्या लेखी निवडणूकच नाही. 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ' मध्ये पक्कं झालं: लिंकचा प्रकार (नेटवर्क टाइप) आर-२ वर ब्रॉडकास्ट, म्हणजे अनेक राउटर असू शकणारा, आर-३ वर पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे फक्त दोघांचा. दोन्ही प्रकारांत हॅलो १० आणि डेड ४०, म्हणून हॅलोला काही खटकलं नाही आणि नातं फुलपर्यंत गेलं.

मग रूट का नाही? पोराला असं सांगितलं: आर-३ म्हणतो, माझं दार थेट आर-२ च्या दारासमोर उघडतं. आर-२ म्हणतो, छे, माझं दार कन्ना चौकात उघडतं, तिथे आणखीही घरं असू शकतात. दोघं आपापल्या जागी प्रामाणिक, पण नकाशा काढणाऱ्याला हे दोन पत्ते जोडता येत नाहीत. ओएसपीएफ एका बाजूच्या शब्दावर रस्ता धरत नाही. अ म्हणतो ब कडे वाट आहे, तर ब नेही अ कडे वाट आहे असं म्हटलं पाहिजे, नाहीतर ती वाट गणितातून वगळली जाते. जॉन मॉय यांनी १९९८ साली लिहिलेल्या आरएफसी २३२८ मध्ये, म्हणजे ओएसपीएफच्या नियमपत्रात, हे स्वच्छ आहे. रात्री मोबाइलवर काढून वाचलं. डेटाबेस तपशिलात उघडला तर राउटरनेही ते सांगितलेलं होतं: ॲडव्हर्टायझिंग राउटर 'नॉट रीचेबल'. आम्ही ती ओळ वाचलीच नव्हती, एलएसए आहेत एवढं बघून खूश झालो होतो.

आर-२ वर पॉइंट-टू-पॉइंट लावलं. नातं तुटलं, पुन्हा जुळलं, आणि सगळे रूट धाडधाड आले. सर मागे उभे होते. "यावर लोक अख्खी रात्र घालवतात, कारण फुल बघून त्या लिंकवर बरोबरची खूण करून पुढे जातात." एवढं बोलून चहा सांगायला गेले.

जाता जाता: ज्या गणिताने हे रस्ते निघतात ते डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांना १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एका कॅफेत कॉफी पिताना सुचलं. वीसेक मिनिटांत, कागद-पेन न घेता, बरोबर होणारी बायको. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जवळचा रस्ता कुठला, हा प्रश्न. छापलं १९५९ मध्ये. आम्हाला चार कन्सोल, दोन फळे आणि तीन चहा लागले, तेही फक्त ते का चालत नाही हे कळायला.

रविवार, रात्री

उद्याचं तिकीट सरांनी कालच चालू करून ठेवलंय, निघताना सहज पाहिलं. सगळीकडे फुल, नेटवर्क टाइप सारखे, आर-५ चे रूट येतात आणि जातात. येतात आणि जातात. डेटाबेसमध्ये एका एलएसएचं वय वाढतच नव्हतं. एरवी ते अर्ध्या तासापर्यंत चढतं, मग नवा एलएसए निघतो. इथे काही सेकंद झाले की परत एकवर, आणि सीक्वेन्स नंबर (एलएसएच्या आवृत्तीचा क्रमांक) धावतोय. कुणीतरी दोघं एकच राउटर आयडी घेऊन बसलेत आणि एकमेकांचे एलएसए खोडतायत असा संशय आहे. समोरासमोरचे नसणार, नाहीतर नेबरच झाले नसते. उद्या आधी पाचही राउटरचे आयडी वहीत उतरवायचे, आर-१ आणि आर-५ पासून सुरुवात. पोराला मेसेज टाकलाय, मी येईपर्यंत काही क्लिअर करू नकोस.