लॉगमधल्या सात ओळी

वाईतल्या एका काकांचा फोन सकाळी आठलाच आला. "अरे, टोरांटोला मुलाला महिनाभर घरातलं काही दिसत नाहीये. तू एकदा येऊन बघ बरं." त्यांचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी, 2019 साली मीच बसवला होता. कॅमेरे चार : फाटक, पोर्च, मागचं अंगण आणि हॉल. हॉलमधला मुलाच्या आग्रहाखातर. तेव्हा काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि काका दुकानात गेले की त्या दिवसभर एकट्याच असायच्या.

बंद पडण्याचं कारण पाच मिनिटांत सापडलं. काकांनी महिन्यापूर्वी नेट बदलून फायबर घेतलं होतं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, 100.72 ने सुरू होत होता. 100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा 2012 पासून नेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखीव आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून 430 कोटींच्या आसपास, ते कधीच पुरेनासे झाले, म्हणून कंपनी कितीतरी घरांना मिळून एकच पब्लिक पत्ता देते. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये तुम्ही हवे तेवढे पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, उघडा, बाहेरून येणारा कंपनीच्याच दारात अडतो.

व्हिडिओ कॉलवर चिरंजीव म्हणाले, "स्टॅटिक आयपी, आपला स्वतःचा कायमचा पत्ता, घेऊन टाकू, पैसे मी भरतो. आधीसारखं पोर्ट फॉरवर्डिंग करून द्या." म्हणजे बाहेरून आलेल्याला राउटर थेट डीव्हीआरकडे सोडणार. मीही तेच करून निघालो असतो. पण डीव्हीआरचं घड्याळ 17 मिनिटं मागे पडलं होतं, ते लावायला मेनूत शिरलो आणि शेजारचा लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं याची नोंदवही, उघडला.

जुन्या कनेक्शनच्या काळातल्या नोंदी अजून शिल्लक होत्या. 'लॉगिन अयशस्वी', 'लॉगिन अयशस्वी', माउसचं चाक फिरवत राहिलो तरी तेच. काही ठिकाणी एका मिनिटात चार-चार. त्यांच्या अधूनमधून यशस्वी लॉगिन, बहुतेक रात्री दोन-तीनच्या सुमाराचे. त्यात वावगं काही नव्हतं, आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा टोरांटोत दुपार असते. आणि सगळ्यांसमोर युजर एकच, अ‍ॅडमिन. वेगळा होता तो फक्त पत्ता. सात ओळींत तो मुलाच्या नेहमीच्या पत्त्यांशी जुळत नव्हता. मोबाइलवर शोधला तर युरोपातल्या एका भाड्याच्या सर्व्हरचा निघाला. "तुम्ही कधी व्हीपीएन लावून, म्हणजे दुसऱ्या देशातला पत्ता घेऊन, बघता का?" "नाही." "ऑक्टोबरात कुठे प्रवासाला होता?" "नाही हो, का?"

त्या सातांतल्या एका वेळी तो माणूस 41 मिनिटं आत होता.

मी सगळं सांगितलं. काका म्हणाले, "पण रात्री हॉलमध्ये अंधारच असतो की. दिसणार काय?" मला सांगावं लागलं की आत शिरलेल्याला रेकॉर्डिंगही उघडता येतं, आणि हार्ड डिस्कवर वीस दिवसांचं असतं. कोणत्या कॅमेऱ्याचं बघितलं, हे हा लॉग सांगत नाही. काकू भाजी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. काही बोलल्या नाहीत, फक्त कॅमेऱ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

डीव्हीआर उलटा केला. खाली माझ्याच अक्षरातलं स्टिकर : अ‍ॅडमिन, 123456. तेव्हा मी सगळ्या घरांत हाच पासवर्ड ठेवायचो, सर्व्हिसला गेलं की विचारावं लागू नये म्हणून. 2016 साली मिराय नावाच्या व्हायरसने कंपनीतून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले डीव्हीआर आणि कॅमेरे हजारोंनी ताब्यात घेतले होते. 21 ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळलं. माझं काम त्यानंतर तीन वर्षांनी झालेलं आहे. मला हे माहीत असायलाच हवं होतं. 'आमचं घर कोण शोधणार' असं लोक म्हणतात, मीही म्हणायचो. पण 2013 सालीच मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी असं सॉफ्टवेअर काढलं की एक पोर्ट घेऊन जगभरचे पत्ते पाऊण तासात तपासून होतात. घर शोधावं लागतच नाही, सगळीच दारं ठोठावून बघतात. पोर्टचा नंबर 80 चा 8080 केला म्हणून कोणी लपत नाही.

मुलाला मी म्हटलं, "स्टॅटिक आयपी घेऊ नका. पोर्ट मी उघडणार नाही." मग फर्मवेअर, म्हणजे डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्हवरून नवीन टाकलं. राउटरमधलं यूपीएनपी बंद केलं, नाहीतर डीव्हीआर आपणहून पोर्ट उघडून घेतो. मुलासाठी वेगळा युजर केला, बघण्यापुरता, सेटिंगला हात न लागणारा. मग क्यूआर कोड स्कॅन करून अ‍ॅपवर जोडून दिलं. यात डीव्हीआर स्वतः आतून कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो, मोबाइल त्याला तिथे गाठतो, त्यामुळे दार उघडं ठेवावं लागत नाही. कंपनीच्या सर्व्हरवर भरवसा ठेवावा लागतो, हेही मी स्पष्ट सांगितलं. दुकानदारांना मी वायरगार्ड नावाचं स्वतःचं व्हीपीएन सुचवतो, पण त्यासाठी कुठेतरी एक पब्लिक आयपी लागतोच. या घराला हेच बरं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मी खोलीबाहेर उभा राहिलो असताना काका-काकूंनी मिळून ठरवला.

हॉलच्या कॅमेऱ्याचं मी विचारायच्या आतच काकू म्हणाल्या, "तो काढ बाबा." कॉलवर मुलगा थोडा थांबला, मग म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं." स्क्रू काढून कॅमेरा खाली घेतला, भिंतीतली दोन भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवली. काकांनी पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत.

संध्याकाळी घरी येऊन 2018 ते 2020 ची बिलबुकं काढली. रिमोट करून दिलेली घरं 31 भरली, आणि पासवर्ड सगळीकडे तोच. पहिला फोन मेणवलीला लावला.