रोशेलचा चौक आणि परमुलखातली इंजिनं

शिकागोहून पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर, इलिनॉयच्या मक्याच्या शेतांमध्ये रोशेल नावाचं छोटं गाव आहे. युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ या दोन बलाढ्य रेल्वे कंपन्यांचे दुहेरी मार्ग इथे पूल-बोगदा काही न करता थेट एकमेकांना छेदतात. गावाने त्या चौकाला लागूनच १९९८ साली खास गाड्या बघण्यासाठी बाग केली. मी नागपूरचा, तिथल्या अशाच रुळांच्या चौकाचं, डायमंड क्रॉसिंगचं कौतुक ऐकत मोठा झालो. शिकागोपर्यंत येऊन रोशेल न बघता परतणं मला जमलंच नसतं.

बागेत छपराखाली बाकं आहेत, आणि गाड्यांचं वायरलेसवरचं बोलणं ऐकवणारा एक लाउडस्पीकर. तो खरखरला की सगळ्यांच्या माना वळतात. दोन लांब, एक आखूड, पुन्हा एक लांब असा भोंगा झाला आणि बीएनएसएफची कंटेनरगाडी आली. पुढे कंपनीचं नारिंगी इंजिन, आणि त्याच्या पाठोपाठ चक्क नॉरफोक सदर्नचं काळं, नाकावर उधळलेला घोडा! या कंपनीचे रूळ मुख्यतः पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे; या दोन मार्गांवर तिचं काहीच नाही. थोड्या वेळाने युनियन पॅसिफिकच्या पिवळ्या इंजिनामागे सीएसएक्सचं निळं इंजिन गेलं. तीही कंपनी पूर्वेचीच.

आपल्याकडे इंजिनावर अजनी, भुसावळ, कल्याण अशी शेडची नावं वाचायची सवय असते, पण शेड कुठलीही असली तरी मालक एकच. इथे तर या कंपन्या एकमेकींचं गिऱ्हाईक पळवायला टपलेल्या. मग इंजिन कसं देतात?

शेजारी बसलेल्या एका निवृत्त रेल्वेवाल्या आजोबांनी फार आस्थेने समजावलं. अमेरिकेत पॅसिफिकपासून अटलांटिकपर्यंत एकाच कंपनीचा रूळ नाही. पश्चिमेचा माल शिकागोला पूर्वेच्या कंपनीच्या हवाली होतो. तिथे प्रत्येक गाडीची इंजिनं काढून दुसरी जोडायची, ब्रेक पुन्हा तपासायचे, म्हणजे आधीच तुंबलेल्या शिकागोत तासन्‌तास जातात. त्यापेक्षा गाडी इंजिनांसकट पुढे जाऊ द्यायची. बदलतात ती फक्त माणसं.

हिशेब मात्र चोख, आणि तो अश्वशक्ती-तासांत! ४,४०० अश्वशक्तीचं इंजिन चोवीस तास दुसऱ्याकडे राहिलं, की १,०५,६०० अश्वशक्ती-तासांचं देणं झालं. ते सहसा पैशाने नाही, इंजिन देऊनच फेडतात. एसडी४०-२ हे ३,००० अश्वशक्तीचं जुनं इंजिन दिलं, तर साधारण ३५ तासांनी फिटंफाट. शेतकरी सावडीने बैल देतात-घेतात, तसंच हे. म्हणून देणं चढलेल्या कंपनीची इंजिनं कधी कधी सावकाराच्या मुलखात आतवर, कुठल्याही गाडीला जुंपलेली दिसतात. मला हा व्यवहार फार आवडला.

पुढची गाडी चौकाअलीकडे थांबली, तेव्हा कुंपणापाशी जाऊन दोन इंजिनांच्या मधलं नीट बघितलं. इंजिनं एकमेकांना जोडणाऱ्या कपलरच्या वर बोटभर जाडीची नव्हे, चांगली मनगटाएवढी काळी केबल लोंबत होती, आणि खाली हवेचे होसपाइप. त्या केबलच्या टोकाला २७ पिना. कोणत्या पिनेतून कोणता हुकूम जायचा हे सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं आहे. म्हणून जनरल इलेक्ट्रिक आणि ईएमडी या दोन वेगळ्या कारखानदारांची इंजिनं, मालक वेगळे असले तरी, एकाच ड्रायव्हरच्या हातात चालतात.

अडायचं ते सगळ्यात पुढच्या इंजिनापाशी. युनियन पॅसिफिकचा हा मार्ग १९९५ पर्यंत शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नचा होता, आणि त्यावर गाडी आपोआप रोखणारी जुनी यंत्रणा होती. ती बसवलेली नसेल तर पाहुण्या इंजिनाला मागेच जोडावं लागे. २००८च्या कायद्याने पॉझिटिव्ह ट्रेन कंट्रोल, म्हणजे ड्रायव्हर चुकला तर गाडी आपोआप थांबवणारी नवी यंत्रणा, मुख्य मार्गांवर सक्तीची केली, २०२० अखेर ती सक्तीच्या सगळ्या मार्गांवर लागू झाली. एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या रुळावरही तिचे हुकूम पाळू शकलं पाहिजे, ही अट त्या कायद्यातच होती. त्यामुळे परक्या रंगाचं इंजिन आता गाडीच्या तोंडाशीही दिसतं.

जाणार असाल तर बागेला तिकीट नाही. दुपारचं जेवण बरोबर न्या, कारण एक गाडी गेली की दुसरीची चाहूल लागते आणि उठवत नाही. डब्यांचे फोटो मागाहून काढा. आधी इंजिनाच्या केबिनखालची अक्षरं वाचा, मालक तिथे कळतो.