बीप वाजला, पण माल दुसराच

बारकोड स्कॅनर दुरुस्तीच्या धंद्यात नव्वद टक्के फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "साहेब, मशीन वाचत नाहीये." काच पुसायला सांगतो, केबल हलवून बघायला सांगतो, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. भिवंडीच्या एका गोदामातून आलेला फोन मात्र उलटा होता. "मशीन वाचतंय हो, पण फरसाणाचा खोका मारला की स्क्रीनवर फिनेल येतंय!"

तेही दर खोक्याला नाही, मधूनच. सॉफ्टवेअरवाले छपाईला दोष देत होते, छपाईवाले सॉफ्टवेअरला. खोक्यांची एकूण बेरीज रोज बरोबर जुळत असल्यामुळे हा घोळ किती दिवस चालला होता, कुणालाच सांगता येईना.

मी गेलो तेव्हा गाडी खाली होत होती. स्कॅनरची गन लॅपटॉपला जोडून नोटपॅड उघडलं, म्हणजे गन नेमकं काय वाचते ते उघडं दिसतं. सरळ धरून मारलं: चौदा आकडे, अचूक. मग गन मारणाऱ्या पोराला म्हटलं, तू रोज मारतोस तसं मार. खालच्या थरातल्या खोक्यावर त्याने उभ्या उभ्याच तिरकी गन धरली. दोन-चार खोके नीट गेले, आणि मग नोटपॅडवर सहाच आकडे उमटले. बीप तोच, हिरवा दिवाही तोच.

खोक्यावरचा कोड आयटीएफ-१४ होता. कोऱ्या पुठ्ठ्यावर थेट छापायला हा सोयीचा, म्हणून मोठ्या खोक्यांवर तोच दिसतो. यात आकडे जोडीने बसतात: एक काळ्या पट्ट्यांत, दुसरा त्यांच्यामधल्या फटींत. सुरुवातीची खूण मात्र अगदीच साधी, बारीक पट्टी, फट, पट्टी, फट. एवढंच. जोडीतले दोन्ही आकडे ३, ५ किंवा ६ यांपैकी असले की जोडीचा शेवट हुबेहूब तसाच होतो. या फरसाणाच्या नंबरात सातवा-आठवा आकडा होता ५ आणि ३! तिरका किरण खालच्या कडेने नेमका तिथे आत शिरला की आधी कोरा पुठ्ठा, मग 'सुरुवात'. पुढचे सहा आकडे वाचून गन खूश. दुकानातल्या पुड्यावरच्या ईएएन-१३ मध्ये असं होत नाही, कारण तिथे तेरा आकडे आणि दोन्ही टोकांच्या व मधल्या खुणा यांचा साचा ठरलेला असतो, अर्धवट वाचन त्यात बसतच नाही.

आणि गोदामाचे जुने, घरगुती माल-नंबर होते सहा आकडी. त्यातला नेमका हाच नंबर फिनेलचा.

हे होऊ नये म्हणूनच आयटीएफभोवती जाड काळी चौकट छापतात. तिरका किरण वर-खाली भरकटला की चौकटीवर आपटतो, त्याला कोरी जागा मिळत नाही आणि गन गप्प बसते. ती चौकट इथे गायब. कंपनीच्या डिझायनरला फोन लावला, तर म्हणाला, "सर, पेपरातल्या श्रद्धांजलीसारखं दिसत होतं, म्हणून काढली." माझ्या मते न वाचणारा कोड परवडतो, माणूस निदान हाताने नंबर टाकतो. चुकीचं वाचून बीप देणारा कोड मुकाट्याने स्टॉक बिघडवतो.

गोदामातलं काम पाच मिनिटांचं होतं. सगळ्या गनांत आयटीएफची लांबी १४ आकड्यांवर बांधली आणि शेवटच्या तपासणी आकड्याची (तो आधीच्या आकड्यांवरून हिशोबाने ठरतो) पडताळणी चालू केली. ती बंदच होती. सुपरवायझर काका म्हणाले, "ते ठीक, पण कागदावर चढलेल्या फिनेलचं काय?" त्याला एकच उपाय होता. रात्री माणसं थांबवून दोन्ही माल हाताने मोजले. कागदावर फिनेल जेवढं जास्त दाखवत होतं, फरसाण तिथे बरोबर तेवढंच कमी होतं.

पुढच्या छपाईचा नमुना डिझायनरने मला पाठवला. चौकट होती, पण केसाएवढी. पुन्हा फोन करून सांगितलं: पुठ्ठ्यावर प्लेटने छापताय ना, मग ४.८ मिलिमीटर. "एवढी?" म्हणाला. एवढीच.