दर वेळी तारीख विचारणारा कन्सोल

आतल्या घड्याळाचा सेल संपला की ड्रीमकास्ट हा व्हिडिओ गेमचा कन्सोल सुरू होताच आधी तारीख विचारतो. आपणहून पुढे करतो ती तारीख असते २७ नोव्हेंबर १९९८. सेगा या जपानी कंपनीने तो जपानमध्ये विकायला आणला, तो हाच दिवस. माझ्याकडच्या ड्रीमकास्टचा सेल कधीच उतरलाय. इतक्या वर्षांत कुठलाही सेल उतरणारच. जुना सेल काढून, डाग देऊन नवा बसवणं मला जमण्यासारखं आहे. तरी मी ते मुद्दाम केलेलं नाही. सुरू करताना त्याचा जन्मदिवस समोर येतो, तो मला हवाय.

दिसायला तो अगदी साधा. पांढरट रंगाचा, आटोपशीर डबा, पुढे कंट्रोलर जोडायला चार जागा. तेव्हा चौघांनी एकत्र खेळायचं तर बऱ्याच कन्सोलना वेगळा जोड घ्यावा लागे, इथे तो प्रश्नच नव्हता. आत २०० मेगाहर्ट्झचा हिताचीचा एसएच-४ प्रोसेसर, चित्रासाठी पॉवरव्हीआर २ चिप, १६ एमबी मुख्य मेमरी आणि चित्रांसाठी वेगळी ८ एमबी. आज हे आकडे चिमुकले वाटतील. पण व्हीजीए जोड लावून संगणकाच्या मॉनिटरवर तो चालवून बघा, चित्र अजूनही इतकं स्वच्छ दिसतं की मी दर वेळी दोन मिनिटं नुसता बघत राहतो.

सेगाचं आर्केडमधलं, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या जागेतलं, नाओमी यंत्र याच घडणीवर उभं होतं, त्यामुळे तिथले खेळ घरी आणताना फारसं काही कापावं लागत नसे. ‘सोल कॅलिबर’ या मारामारीच्या खेळाची गोष्ट तर उलटीच. तो आर्केडमध्ये आला नामको कंपनीच्या जुन्या, सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलच्या जवळच्या यंत्रावर, आणि १९९९मध्ये ड्रीमकास्टवर आला तेव्हा मूळ खेळापेक्षा देखणा झाला. घरच्या यंत्रानं आर्केडला मागे टाकलं!

पण मला सगळ्यात जास्त जीव आहे तो व्हीएमयूवर. कंट्रोलरच्या खाचेत बसणारं हे मेमरी कार्ड. त्याला ४८ बाय ३२ ठिपक्यांचा काळा-पांढरा पडदा आणि स्वतःची बटणं आहेत. अमेरिकन फुटबॉलच्या ‘एनएफएल २के’मध्ये पुढची चाल त्या पडद्यावर निवडायची, म्हणजे शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला टीव्हीवर काही कळत नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल कोड व्हेरॉनिका’त आपल्या पात्राची प्रकृती तिथे दिसते. ‘सॉनिक ॲडव्हेंचर’मधला चाओ नावाचा जीव तर कार्डात उतरवून खिशात घेऊन फिरता येतो. त्यातले दोन गोल सेल संपले की कन्सोल सुरू करताना कार्ड लांबलचक ‘पीऽऽप’ करतं. तो आवाज अनेकांना नकोसा वाटतो. मला तो झोपेतून उठवलेल्या लहान मुलाच्या कुरकुरीसारखा वाटतो.

कंट्रोलरला ॲनालॉग काठी मात्र एकच, आणि ते खरंच कमी पडलं. वायरही खेळणाऱ्याच्या बाजूने निघते.

आणि मोडेम! टेलिफोनवरून इंटरनेटला जोडणारा मोडेम डब्यातच घेऊन आलेला, त्या काळातला हा मोठा विचार. त्याचा वेग अमेरिकेत ५६के, जपान-युरोपात ३३.६के. २०००च्या डिसेंबरात आलेल्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’मध्ये ठरलेल्या शब्दांतून वाक्य जुळवलं, की समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसायचं. जपानी माणूस आणि जर्मन माणूस एका राक्षसासमोर उभे राहून एकमेकांना ‘मदत कर’ म्हणू शकत होते, तेही टेलिफोनच्या तारेवरून.

मग तो बंद का पडला? आधीच्या सॅटर्न कन्सोलने सेगाची तिजोरी रिकामी करत आणली होती. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या खेळ बनवणाऱ्या बड्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. जीडी-रॉम ही साधारण १ जीबीची खास चकती नक्कल रोखण्यासाठीही होती, पण एमआयएल-सीडी या गाण्यांच्या खास सीडी चालवण्याच्या सोयीतून वाट सापडली आणि साध्या सीडीवरच्या नकला सर्रास चालू लागल्या. मार्च २०००मध्ये प्लेस्टेशन २ आला, तोही डीव्हीडी दाखवणारा. ३१ जानेवारी २००१ला सेगाने उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. तोवरचा आणि नंतर उरलेला माल धरून विक्री सुमारे ९१ लाख. या यादीत यंत्राचा स्वतःचा दोष किती थोडा आहे, हे मला दर वेळी खुपतं.

खेळ मात्र येत राहिले. ‘इकारुगा’ जपानमध्ये ड्रीमकास्टवर आला २००२च्या सप्टेंबरात. काळं विमान काळ्या गोळ्या गिळतं, पांढरं पांढऱ्या, आणि एका बटणावर रंग पालटायचा; एवढ्या एका नियमावर अख्खा खेळ. काल रात्री तोच खेळलो. तारीख विचारल्यावर नेहमीप्रमाणे काही न बदलता पुढे गेलो होतो. नंतर कार्डावरची यादी उघडली तर ‘इकारुगा’च्या फाइलपुढे नोव्हेंबर १९९८ लिहिलेलं होतं, खेळ येण्याच्या जवळजवळ चार वर्षं आधीचं.