चौथ्या मजल्यावरची लिंबोणी आणि तिचा ताण

पहिली लिंबोणी मी पाणी पाजून मारली. मोसंबीच्या घरातल्या माणसाला हे कबूल करणं जड जातं, पण झालं ते झालं.

आमचं गाव अंबड तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आशेवर बसलेलं. आण्णांची पावणेतीन एकर बाग, न्यूसेलर जातीची मोसंबी, रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्यावर. पाढे पाठ व्हायच्या आधी मला झाडाला आळं करता येत होतं, असं आजी सांगायची. पुढे संगणकाच्या नादाने पुणे झालं, पुण्याहून बर्लिन. २०१८ च्या वसंतात इथल्या एका रोपवाटिकेत कुंडीतलं लिंबाचं झाड दिसलं, कमरेएवढं, चार लिंबं लागलेली. एवढी थंडी असलेल्या देशात हे विकायला ठेवतात याचंच मला नवल वाटलं. उचलून आणलं.

संध्याकाळी घरी फोन केला, "आई, लिंबाचं झाड लावलं बाल्कनीत."

"बाल्कनीत? अरे, ते केवढं वाढतं. भिंत उचकटंल की!"

मराठवाड्यात लिंब म्हटलं की कडुलिंब, हे मी सहा-सात वर्षांत विसरलो होतो. तेव्हापासून घरात लिंबोणीच म्हणतो.

उन्हाळा झकास गेला. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, झाडाने नवती काढली, फुलाच्या वासाने शेजारीण दार वाजवून गेली. ऑक्टोबरात रात्री गारठायला लागल्या तशी मी बाल्कनीची काचेची दारं ओढून घेतली. काचेआड ऊन येतं, वारा लागत नाही, झाडाला आणखी काय हवं?

जानेवारीत एका स्वच्छ उन्हाच्या आठवड्यात पानं गळायला लागली. पिवळी पडून नव्हे, हिरवीगार. सकाळी पाहावं तर फरशीवर मूठभर.

आता मी काय केलं ते समजायला २०१३ चा उन्हाळा माहीत असावा लागतो. त्या वर्षी कालवा कोरडा होता, विहिरीला तळ दिसत होता, आणि आण्णा टँकरने बाग जगवत होते. टँकर रात्री यायचा. आम्ही पाइप धरून एकेका झाडाला मोजून पाणी द्यायचो. पानं आधी द्रोणासारखी वळायची, मग गळायची. मे संपेपर्यंत अर्धी बाग तोडून सरपणाला गेली. जालना जिल्ह्यात त्या साली असं घराघरात झालं. त्या उन्हाळ्यात माझ्या अंगात एक गोष्ट कायमची मुरली: पान गळतंय म्हणजे झाड तहानलंय.

म्हणून बर्लिनच्या जानेवारीत मी त्या झाडाला पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. तीन आठवड्यांत झाडाच्या काटक्या झाल्या. फेब्रुवारीत उपटलं तर मुळं काळी, आंबूस वासाची, सालपट बोटाला लागून निघत होतं. आण्णांना व्हिडिओवर दाखवलं. "मूळकुज," एवढंच बोलले. मग थोड्या वेळाने, "काहून रे, पाणी तुंबलं होतं का?"

नंतर वाचून, विचारून उलगडा झाला. लिंबूवर्गीय झाडाची मुळं साधारण १२-१३ अंशांखाली काम जवळजवळ थांबवतात. माझी कुंडी थंड फरशीवर होती, माती चार-पाच अंशांवर. वर मात्र काचेतून आलेल्या उन्हाने हवा दुपारी अठरा-वीस अंशांवर जायची. पानांना वाटायचं दिवस चांगला आहे, ती बाष्प सोडायची आणि खाली पाणी मागायची. मुळं झोपलेली. म्हणजे झाड तहानलेलंच होतं, माझं निदान अर्धं बरोबर होतं. फक्त माती ओलीचिंब असून ते तहानलेलं होतं. अशा झाडाला आणखी पाणी म्हणजे झोपलेल्या माणसाच्या तोंडात तांब्या उपडा करणं.

यातून निघणारा नियम इथले लोक सहज सांगतात: ऊब आणि उजेड जोडीने द्यायचे, नाहीतर दोन्ही कमी करायचे. बर्लिनमध्ये २१ डिसेंबरचा दिवस पावणेआठ तासांचाही भरत नाही. आपल्याकडे त्याच दिवशी जवळपास अकरा तास. एवढ्याशा उजेडात, हीटर लावलेल्या बैठकीत झाड ठेवलं तर ऊब त्याला वाढायला सांगते आणि उजेड पुरत नाही. वर हीटरची कोरडी हवा, त्यात लाल कोळी आणि खवले कीड मजेत वाढते. त्यापेक्षा पाच ते दहा अंशांची, बऱ्यापैकी उजेडाची खोली बरी. झाड तिथे तीन-चार महिने गप्प बसतं.

अशी जागा फ्लॅटमध्ये कुठून आणायची? २०१९ मध्ये दुसरी लिंबोणी आणली तेव्हा मी ती जिन्याच्या वळणावर, खिडकीशी ठेवली. जागा अगदी आदर्श होती. बारा दिवसांनी इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं. जिना ही आग लागल्यावर पळायची वाट आहे, तिथे झाड ठेवता येत नाही. त्यांचं चूक नव्हतं, पण पत्रात लिंबोणीचा उल्लेख 'वस्तू' असा होता, ते मला लागलं.

शेवटी आमच्या झोपायच्या खोलीतला हीटर बंद केला. बायको लातूरची, तिला थंडीचं कौतुक नाही. पहिल्या रात्री स्वेटर, पायमोजे, वर दोन रजया घेऊन ती म्हणाली, "लग्नात तुमच्याकडच्यांनी मोसंबीची पेटी दिली होती, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं." कुंडीखाली लाकडी पट्ट्या आणि थर्माकोलचा जाड तुकडा घातला, मुळाला फरशीचा गारवा लागू नये म्हणून. पाणी दहा-बारा दिवसांतून एकदा, तेही बोट खुपसून खाली कोरडं लागलं तर.

त्या हिवाळ्यात आण्णांनी फोनवर विचारलं, "पाणी कधी तोडलं?" मी म्हटलं, तोडलं नाही, कमी केलंय, थंडीमुळे. ते हसले. "मग ताणच झाला की तो."

ही गोष्ट मला इतकी वर्षं कळली नव्हती. आपल्याकडे आंबे बहार, म्हणजे जानेवारीच्या सुमाराचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात, बाग ताणावर सोडतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, झाड वाढ थांबवून साठवण करतं, आणि जानेवारीत पाणी सोडलं की फुलं फुटतात. लिंबूवर्गीय झाडाला फूल धरायला असा एक थांबा लागतो. तो तहानेने मिळतो तसाच गारठ्यानेही मिळतो, काही आठवडे वीस अंशांच्या खाली गेले तरी पुरतात. आण्णा जे पाणी तोडून करतात ते बर्लिनचं आभाळ फुकट करतं. मी आपला ते मोडायला हीटर आणि झारी घेऊन उभा.

मार्चमध्ये दिवस मोठा व्हायला लागला तसा त्यांचा दुसरा फोन. "पहिलं पाणी आंबवणीचं दे. भडाभडा ओतू नको. मग आठ दिवसांनी चिंबवणी." चाळीस लिटरच्या कुंडीला आंबवणी आणि चिंबवणी! पण मी दिलं, कोमट करून. एप्रिलअखेर पानागणिक कळ्या आल्या.

मातीबद्दल एक सांगतो, कारण तिथे मला फायदा झाला. बर्लिनचं नळाचं पाणी जड, किटलीत पांढरा थर बसतो. अशा पाण्यावर कुंडीतल्या मातीत चुना वाढत जातो आणि लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हे चित्र मला ओळखीचं होतं, आमच्या शेताच्या चुनखडीच्या पट्ट्यात सात-आठ झाडं कायम अशीच असायची. तिथे आण्णा आधी फेरस सल्फेट टाकून दमले होते, चुना ते लगेच बांधून टाकतो. चिलेटेड लोह, म्हणजे चुन्याने सहज न बांधलं जाणारं, दिल्यावर फरक पडला. मी इथे तेच केलं, आणि बाल्कनीच्या पन्हाळीखाली बादली लावून पावसाचं पाणी धरायला लागलो. पावसाचं पाणी साठवणारा मराठवाड्याचा माणूस पाहून जर्मन लोकांना काही वाटत नाही, ते स्वतःच साठवतात.

आणि कुंडी एकदम मोठी घेऊ नका. आधीच्यापेक्षा चार बोटं रुंद, बस. मुळं न पोचलेली माती ओली राहून आंबते.

बर्लिनशेजारच्या पॉट्सडॅमला एकदा मुद्दाम गेलो. सान्सूसी बागेत प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्हेम चौथा याने बांधायला घेतलेला, १८५१ ते १८६४ या काळात उभा राहिलेला ऑरेंजरी राजवाडा आहे, तीनशे मीटर लांब. मधे राजेशाही दालनं, आणि दोन्ही बाजूंना प्रत्येकी १०३ मीटरचे नुसते झाडांचे हॉल. दक्षिणेकडे उंचच उंच खिडक्या. बागेतली कुंड्यांमधली झाडं अजूनही तिथेच हिवाळा काढतात. मी त्या खिडक्यांखाली उभा राहून आण्णांना फोटो पाठवले. आमच्याकडे उन्हाळ्यात रोपाला तुराट्यांची सावली करतात, इथे राजाने झाडाला ऊन मिळावं म्हणून वाडा बांधला. त्यांचं उत्तर आलं, "हमाल किती होते?"

प्रश्न योग्य होता. ओली कुंडी चौथ्या मजल्याच्या खोलीतून बाल्कनीत नेताना माझी कंबर दर मे महिन्यात तो विचारते.

मोसंबीच का नाही लावली, असं गावाकडून दरवेळी विचारतात. एकतर बाहेरून लिंबूवर्गीय रोप किंवा कलमाची काडी युरोपीय संघात आणायला बंदी आहे, ग्रीनिंगसारखे, बागाच्या बागा मारणारे रोग येऊ नयेत म्हणून. आणि रोप इथे मिळालं तरी गोडी येणार नाही. आंबट फळाला थोड्या उन्हात भागतं, मोसंबीला साखर भरायला महिनोन् महिने ऊन खावं लागतं, ते बर्लिनकडे नाही. गंमत म्हणजे रंग उलटा. साल नारिंगी-पिवळी व्हायला रात्री गार लागतात, म्हणून आपली मोसंबी हिरवट असतानाच गोड होते आणि इथली दुकानातली पिवळीधमक फळं कधीकधी नुसतीच देखणी निघतात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथल्या ऑफिसात मी हिरवं फळ चांगलं असतं हे पटवायला गेलो होतो. कोणी मानलं नाही.

गेल्या वर्षी खोडाच्या बुडातून एक जोरकस फांदी आली. मी खुश. आण्णांनी व्हिडिओत पाहिली आणि म्हणाले, "पान जवळ धर." तीन-तीन पानांचं पान होतं. "ही तुझी लिंबोणी नव्हं, खुंट आहे. काढ बुडापासून." इथे कलमं पोन्सिरस नावाच्या तीन पानी, काटेरी, थंडी सोसणाऱ्या खुंटावर बांधतात. आण्णांनी तो जन्मात पाहिला नव्हता. त्यांना एवढंच माहीत होतं की डोळ्याच्या, म्हणजे कलम बांधलेल्या जागेच्या, खालून येतं ते आपलं नसतं.

कुंडी बाहेर काढायचा दिवस खालच्या मजल्यावरच्या आजी ठरवतात. ११ ते १५ मे हे इथले बर्फाळ संतांचे दिवस, शेवटच्या दिवसाला थंड सोफी म्हणतात. सोफी जाईपर्यंत नाजूक झाड बाहेर काढायचं नाही, मग बाहेर कितीही ऊन असो. रोहिणी बरसल्याशिवाय आजी आम्हाला बी काढू द्यायची नाही, तोच आवाज. पहिला आठवडा झाड सावलीत ठेवायचं, एकदम उन्हात नेलं तर पानं भाजतात.

यंदा सोफी गेली, कुंडी बाहेर गेली, आणि हिवाळाभर झाडावर राहिलेली लिंबं मी उतरवली. रविवारी घरी सांगितलं.

"किती निघाली?" आण्णांनी विचारलं.

"अकरा."

"अकरा किलो? कुंडीत?"

"अकरा लिंबं, आण्णा."

तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग आईचा आवाज आला, "नेट गेलं वाटतं याचं."