तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्टमधला आयक्यूचा आकडा थोडा वाढवून देता येईल का?

फोनवर विचारून झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर झालं, मागे तर एकांनी लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून घेता घेता विचारलं. म्हणून एकदाच लिहिते. दहावीला तासामागे २० मिनिटं जादा, लेखनिक, कॅल्क्युलेटर, हे सगळं एलडीच्या (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली किंवा गणितातली अडचण) सर्टिफिकेटवर अवलंबून आणि सर्टिफिकेट सरकारी हॉस्पिटलचा बोर्ड देतो, मी नाही, हे तुम्हालाही माहितीये. तरी मी टेस्ट घेऊन लिहिलेला आयक्यू ८५ च्या वर असला की पुढचं सोपं जाईल असं वाटतं ना? चुकीचं नाही वाटत. २०१८ च्या सरकारी नियमांत आधी आयक्यू बघा, ८५ च्या वर असेल तरच एलडीची तपासणी, असंच होतं.

तर हडपसरहून एक ताई आल्या होत्या, मुलगा नववीत. ठोकळ्यांची डिझाइनं त्याने पटापट लावली, मधेच म्हणाला हे ठोकळे कुठे मिळतात, तुळशीबागेत बघू का. आणि मग शब्दांचे अर्थ, सामान्य ज्ञान सुरू झालं तसा खुर्चीत खाली खाली सरकत गेला. व्हर्बल, म्हणजे भाषेचा भाग, ७४; परफॉर्मन्स, म्हणजे ठोकळ्यांसारखा करून दाखवायचा भाग, ८८. दोन्हींची सरासरी ८१.

ताईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "पाचच तर कमी आहेत मॅडम. शाळेत ग्रेस देतात की."

याला काय बोलणार, खरंच देतात. मी टेस्टचे नियम सांगायला लागले आणि सांगता सांगता माझं मलाच ते पोकळ वाटायला लागलं, कारण जे पोरगं वाचूच शकत नाही त्याचा शब्दसंग्रह वाढणार कुठून, म्हणजे एलडीमुळेच व्हर्बल खाली आणि व्हर्बल खाली म्हणून एलडी तपासायची नाही! त्यात ही टेस्ट मलिन यांनी नागपुरात १९६९ ला बसवलेली, तेव्हाच्या मुलांशी आपण आजचं पोर ताडून बघतो. शिवाय कुठल्याही आयक्यूत चार-पाच गुण इकडेतिकडे होतातच, तो काही वजनकाट्यावरचा आकडा नाही.

मग ८१ चे ८६ करायला काय हरकत होती? हेच ना?

एम.फिल.ला असताना मी ताडकन म्हटलं असतं, स्कोअर म्हणजे स्कोअर. तेव्हाच्या मला समोर बसवून आज विचारावंसं वाटतं, बाई, त्या पोराचं काय मग? पण तीही गप्प बसणारी नाही, ती म्हणेल याला पाच दिलेस तर उद्या ७९ वाल्याला सात देणारेस का, आणि तुझ्या रिपोर्टवर विश्वास कोणी का ठेवायचा? आमचं हे भांडण अजून चालू आहे.

आकडा मी बदलला नाही. दोन्ही गुण वेगळे लिहिले, इतका फरक असताना सरासरी धरू नये, एलडीची तपासणी व्हावी, असं स्पष्ट मत खाली लिहिलं. हॉस्पिटलच्या बोर्डाने सरासरीच धरली. ताईंनी नंतर फोन उचलला नाही, आणि मला त्यांचा राग येत नाही.

तेव्हा मत हवं असेल तर जरूर या, वेळ घेऊन या, मुलाला नाश्ता करवून आणा. नुसता ८६ हवा असेल तर फोनवरच सांगा, फी तरी वाचेल.