पाठपोट पाककृती-कार्डं: जुळणी, कागद आणि पिठाचे हात

मंडळी, कार्डांचं काम आता बऱ्यापैकी मार्गी लागलं आहे. धपाटे, हुलग्याचे शेंगुळे, येसर, वरणफळं, ज्वारीच्या कण्या एवढी कार्डं पाठपोट छापून, कापून स्वयंपाकघरात पोचली आहेत आणि रोज हाताळली जाताहेत. घरी साधा इंक टँकचा प्रिंटर आहे, मांडणी इंकस्केप या चित्रं-मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. ज्यांना हे घरीच करायचं आहे त्यांच्यासाठी आतापर्यंतच्या नोंदी सविस्तर लिहितो.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. कुठल्या बाजूला काय छापायचं, हे कार्ड किती सुंदर दिसतं यावर ठरवू नका. हात कधी भरतात यावर ठरवा. तयार साचे बघितले तर बहुतेकांत पुढे साहित्य आणि मापं असतात, मागे कृती असते, आणि कृतीत नुसतं ‘बेसन घाला, तिखट घाला’ एवढंच लिहिलेलं असतं. तसं एक कार्ड छापून आत्याला धपाटे करायला दिलं. तिला धपाटे तोंडपाठ आहेत, पण माझ्यासाठी ती कार्डावर लिहिलंय तसंच करत गेली. पीठ मळायला घेतलं आणि ती थांबली. म्हणाली, “किती बेसन ते दुसऱ्या अंगाला हाय. दोन्ही हात पिठात हायत, आता हे कशानं पलटू रे?”

तिथून पुढचा सगळा आराखडा ठरला. कार्ड एकदाच पलटायचं, तेही हात कोरडे असताना. पुढच्या बाजूला हात भरण्याआधीचं सगळं: काय काय काढून ठेवायचं, काय भिजवायचं, काय वाटायचं, तवा कुठला. पाठीमागे फक्त हात भरल्यानंतरचं काम. आणि त्या कृतीत प्रत्येक मापाचा पुन्हा उल्लेख, ठळक अक्षरात: ‘दोन वाट्या ज्वारीच्या पिठात अर्धी वाटी बेसन आणि अर्धी वाटी कणीक मिसळा’. यात जागा जाते. पण मागची बाजू मळण्यापासून तव्यावरून उतरवण्यापर्यंत स्वयंपूर्ण होते. धपाट्याला तर हे फारच लागतं. ओल्या फडक्यावर ओल्या बोटांनी थापायचं, मध्ये भोकं पाडायची, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालायचं आणि फडकं अलगद सोडवायचं. या सगळ्यात एकदाही बोट कोरडं नसतं.

मापं मी आकड्यांत न लिहिता अक्षरांत लिहितो. पाव, अर्धी, पाऊण, सव्वा, दीड. हातभर अंतरावरून अपूर्णांकातला बारीक आकडा वाचता येत नाही, आणि देवनागरीतला १ आणि ९ यांच्यावर तेलाचा थेंब पडला की ओळखू येत नाहीत. तिखटाच्या बाबतीत तो फरक परवडणारा नाही. वाटी म्हणजे कुठली वाटी, हेही ठरवून टाकलं. आत्याची स्टीलची वाटी काट्यावर ठेवून पाण्याने भरली, पाणी १५० ग्रॅम भरलं, म्हणजे वाटी १५० मिलीची. पुढच्या बाजूला खाली बारीक अक्षरात प्रत्येक कार्डावर ‘वाटी = १५० मिली’ असतंच.

आकार आणि जुळणी

ए-४ कागदाचे चार तुकडे केले की ए-६ मिळतो, १०५ बाय १४८ मिमी. मोह होतो, पण तो आकार घेऊ नका. घरच्या प्रिंटरला कागदाच्या कडेची काही मिलिमीटर जागा छापता येत नाही आणि दोन कार्डांच्या मध्ये कापायलाही जागा उरत नाही. मी ९५ बाय १३५ मिमी ठरवला. हिशेब असा: दोन स्तंभांचे १९०, मधली पट्टी ६, डावी-उजवी कड प्रत्येकी ७, एकूण २१०. उभ्यात दोन ओळींचे २७०, मधली पट्टी ६, वर-खाली साडेदहा-साडेदहा, एकूण २९७. डावी-उजवी कड सारखीच हवी. ती सारखी नसेल तर कागद पालटल्यावर पाठ (मागची बाजू) पोटाशी (पुढच्या बाजूशी) जुळणार नाही.

आता जुळणी. पुढच्या पानावर वरच्या ओळीत १ आणि २, खाली ३ आणि ४ अशी कार्डं असतील, आणि कागद पुस्तकाच्या पानासारखा लांब कडेवरून पालटणार असाल, तर मागच्या पानावर वर २, १ आणि खाली ४, ३ असा क्रम लागतो. ओळ तीच राहते, स्तंभ बदलतात. प्रिंटरच्या खिडकीत यालाच ‘फ्लिप ऑन लाँग एज’ म्हणतात.

पण मला सगळ्यात आवडलेली युक्ती प्रेसवाल्यांची आहे, ते तिला ‘वर्क अँड टर्न’ म्हणतात. एकच पान तयार करायचं. डाव्या स्तंभात दोन कार्डांची पोटं, उजव्या स्तंभात त्याच दोन कार्डांच्या पाठी. एक बाजू छापायची, कागद लांब कडेवरून पालटायचा आणि तेच पान पुन्हा छापायचं. प्रत्येक पोटामागे त्याची पाठ येते आणि प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती मिळतात. एक घरात, एक बहिणीकडे. पुढचं-मागचं पान वेगळं सांभाळायची गरज नाही, फाइल एकच.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. हाताने कागद पालटताना वरची कड वरच राहते, म्हणजे दोन्ही वेळा तीच कड आधी प्रिंटरमध्ये शिरते. कागदाच्या लांबीत बारीकसा फरक असला तरी उभ्या जुळणीवर त्याचा परिणाम होत नाही. आपोआप पाठपोट छापणारा प्रिंटर कागद मागे ओढून घेतो, तेव्हा शेपटाची कड आधी जाते, आणि असा फरक दुप्पट ठळक दिसतो. शिवाय जाड कागद त्या वळणावळणाच्या वाटेने नीट जात नाही. कार्डासाठी मागच्या ट्रेमधून एकेक कागद देणं उत्तम.

जुळणी तपासायला साधा कागद पुरतो. दोन्ही बाजूंना चारही कोपऱ्यांत अधिकच्या (+) खुणा छापा. पुढच्या खुणेच्या बरोबर मध्यावर टाचणी टोचा, कागद पालटा, आणि भोक मागच्या खुणेपासून किती लांब पडलं ते पट्टीने मोजा. माझ्याकडे भोक खुणेच्या डावीकडे दीड मिमी पडत होतं. मग मागची मांडणी तेवढीच भोकाकडे, म्हणजे डावीकडे सरकवली. काम संपलं. चारही कोपऱ्यांतला फरक वेगवेगळा असेल तर कागद तिरका शिरतोय. ट्रेमधला सरकता आधार कागदाला चिकटवून बघा. आणि छापताना ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के हेच निवडा. ‘फिट टू पेज’ने सगळी मापं आक्रसतात.

शंभर टक्क्यांचा आग्रह धरायला माझ्याकडे अजून एक कारण आहे. शेंगुळ्यांच्या कार्डावर मी शेंगुळं खऱ्या मापाचं काढलंय. तळहातावर वळलेल्या वळीची जाडी किती आणि कडं केवढं, हे शब्दांत सांगितलं की प्रत्येक जण वेगळं करतो. जाड झालं तर आतून कच्चं राहतं, फार बारीक झालं तर उकळत्या रश्श्यात विरघळतं. आता वळी कार्डाशेजारी धरायची आणि बघायचं. हे चित्र पाठीवर आहे, कारण वळताना हात भरलेलेच असतात.

एक सल्ला: कार्डाच्या कडेने चौकट काढू नका. एक मिलिमीटर कापणी चुकली तरी चौकट लगेच सांगते. त्याऐवजी कडेपासून ६ मिमी आत सगळा मजकूर ठेवा आणि रंगाची पट्टी काढायचीच असेल तर ती कापायच्या रेषेच्या बाहेर ३ मिमी जाऊ द्या.

अक्षर

मजकुरासाठी ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ आणि शीर्षकाला ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरतो. दोन्ही मोफत आहेत. तिरोच्या या आवृत्तीत पाकळीचा ल आणि देठाचा श मुळातच येतात, त्यामुळे लसूण, शेंगुळे, तेल हे शब्द घरच्या अक्षरासारखे दिसतात. इतर फाँटमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तर काही ठिकाणी तेच रूप मिळतं, एकदा करून बघा. आकार १२ पॉइंट, दोन ओळींतलं अंतर १७. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीला चालणारं अंतर आपल्याला अपुरं पडतं. ओट्यापाशी उभं राहून वाचताना हे लगेच जाणवतं.

कागद आणि शाई

लातूरच्या गोलाईच्या आसपास लग्नपत्रिकांची दुकानं आहेत, तिथे सुटा जाड कागद मिळतो. चकचकीत आर्ट कार्ड दिसायला देखणं, पण ते ऑफसेटसाठी आहे. इंकजेटची शाई त्यावर मुरत नाही, बोट लागलं की पसरते. मी दोन्ही बाजूंनी मॅट लेप असलेला २२० जीएसएमचा (चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाचा) इंकजेट कागद धरला आहे. खरेदी करताना ‘डबल साइड’ असं स्पष्ट विचारा. बराच फोटो कागद एकाच बाजूने छापण्याजोगा असतो.

शाईबद्दल एक छोटी चाचणी सगळ्यांनी करावी. काळ्या आणि रंगीत अक्षरांची एक पट्टी छापा, दिवसभर वाळू द्या, मग दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. माझ्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आहे, ती जागची हलली नाही. रंगीत शाई डायची (विरघळलेल्या रंगाची), ती लगेच पसरली. म्हणून कृती पूर्ण काळ्यातच, रंग फक्त शीर्षकाच्या पट्टीला. ज्यांचा काळाही डायचा आहे त्यांनी कृतीचं कार्ड झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर काढावं. टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसतो, पाण्याने पसरत नाही.

पाण्यापेक्षा तेल वाईट. तेलाचा डाग पडला की कागद त्या जागी पारदर्शक होतो आणि पाठीवरची अक्षरं पोटावरच्या अक्षरांत उमटतात. एका बाजूच्या कार्डाला हा त्रास नाही, पाठपोट कार्डाला आहे. धपाटे आणि शेंगुळे अशी तेल-पाण्यातली कार्डं मी १२५ मायक्रॉनच्या पाऊचमध्ये लॅमिनेट करतो. कार्डाच्या चारही बाजूंना ३ मिमी प्लास्टिक सोडायचं. कडेला लागून कापलं तर पाणी आत शिरतं. छापल्यावर एक रात्र वाळू द्या, मगच लॅमिनेट करा. येसराचं कार्ड मात्र मी उघडंच ठेवलंय. धणे, हरभऱ्याची डाळ, गहू, सुकं खोबरं भाजायचं आणि दळायचं, सगळं कोरडं काम. शिवाय दर वेळी मिरचीचं प्रमाण बदलतं, ते पेन्सिलीने लिहायला जागा हवी.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचारही करावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कागद एकमेकांना चिकटतात आणि प्रिंटर दोन एकदम ओढतो. गठ्ठा फडफडवून, एकेक सुटा करून द्या. हेडची, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाची, बारीक छिद्रं वाळून बुजू नयेत म्हणून आठवड्याला एक छोटं रंगीत पान काढतो. हेड क्लीनिंगपेक्षा शाई कमी जाते. एक बाजू छापली की कागद वळतो, तेव्हा दुसरी बाजू लगेच छापायला जाऊ नका. जड पुस्तकाखाली सपाट होऊ द्या, नाहीतर कोपरा हेडला घासतो आणि काळी रेघ उमटते.

कापणीला लोखंडी पट्टी, नवं पातं आणि खाली मॅट. खुणा पुढच्या बाजूलाच छापा आणि पुढच्या बाजूनेच कापा. कोपरे गोल करायचं पंच मिळतं, ते घ्याच. लॅमिनेट केलेले टोकदार कोपरे बोटाला लागतात.

पुढचं काम

वेळ अमावस्या या आपल्याकडच्या शेतातल्या सणाची कार्डं हाती घेतली आहेत: भज्जी (मिश्र भाजी), आंबील, बाजरीचे उंडे. हा स्वयंपाक शेतावर न्यायचा, माणसं जास्त, त्यामुळे भज्जीचं माप वाटीत न देता पातेल्यात द्यावं लागेल. तुरीचे दाणे, वाल, हरभरा, मिळतील त्या भाज्या आणि बेसन यांचं प्रमाण काकूला विचारून लिहून घेतोय. ती मुठीने सांगते, मी मागून काट्यावर ठेवतो.

ही कार्डं दोरीला टांगायची आहेत, वरच्या कडेला मधोमध भोक पाडून. टांगलेलं कार्ड कॅलेंडरच्या पानासारखं वर पालटतं, म्हणून पाठीचं डोकं पोटाच्या पायाशी हवं. म्हणजे कागद आखूड कडेवरून पालटायचा. आता स्तंभ तेच राहतात आणि ओळी बदलतात: पुढे १, २ आणि ३, ४ असेल तर मागे वर ३, ४ आणि खाली १, २. कागदाची दुसरी कड आधी शिरणार, त्यामुळे टाचणीची चाचणी नव्याने करावी लागेल. भोकासाठी पोटावर वर आणि पाठीवर खाली १५ मिमी कोरं सोडलंय. ज्यांनी टांगायची कार्डं केली असतील त्यांनी भोकाला धातूची रिंग बसवली की लॅमिनेशन तडकतं का, तेवढं कळवा.